टॉकचे फीडबॅक फॉर्म वाचून डोकं फिरलंय, शनिवारपर्यंत मदत हवी

अडकलेला_इंदूरकर
घाईत लिहितोय. गेल्या रविवारी इथे इंदूरात ब्राउझरमधल्या इव्हेंट हँडलिंगवर (क्लिक वगैरे झालं की कोड कसा चालतो) टॉक दिला. ३१ फॉर्म आले. निम्म्यांनी 'छान' एवढंच लिहून चहाकडे धाव घेतली, ते सोडा. बाकीच्यांचं असं: 'बबलिंग कळलं, कॅप्चर कशाला असतं ते कळलं नाही' (सहा जण; बबलिंग म्हणजे इव्हेंट आतल्या घटकाकडून बाहेरच्यांकडे वर जाणं, कॅप्चर म्हणजे बाहेरून आत खाली येणं). 'डेमो माझ्या फोनवर चालला नाही.' 'कोड मुंगीएवढा दिसत होता.' आणि एकाने पेन्सिलीने, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून लिहिलंय: 'सगळे इव्हेंट बबल होतात हे आपले विधान चूक आहे. फोकस होत नाही.' (फोकस म्हणजे एखाद्या रकान्यात कर्सर जाणं.) खाली नाव नाही. खोडसाळपणा वाटतोय. शनिवारी हाच टॉक दुसरीकडे द्यायचाय. काय कापू, काय ठेवू?

पोहे_कमी_शेव_जास्त
टॉक किती मिनिटांचा? समोर कोण, कॉलेजची पोरं की नोकरीवाले? मराठीत बोललात की हिंदीत? माप न देता शिंप्याला 'जरा लांडं कर' म्हणून कसं चालेल भिया?

माईकवाला
कॉलरचा माईक घ्या. हातात माईक धरून टायपिंग होत नाही. शर्टाचं वरचं बटण लावायचं, नाहीतर खरखर येते.

अडकलेला_इंदूरकर
माईकचा प्रश्नच नव्हता हो. ४० मिनिटं, नोकरीवाले, हिंदी-मराठी खिचडी.

हुकवाला
बबलिंग, कॅप्चर सगळं कापा. २०२६ मध्ये कोण हाताने लिसनर (इव्हेंट ऐकणारा कोड) लावतं? रिअ‍ॅक्ट लायब्ररी दाखवा, विषय संपला. आणि पेन्सिलवाला चुकतोय. डिव्हवर (बाहेरच्या डब्यावर) ऑनफोकस लावतो, आतल्या इनपुटवर क्लिक करतो, बरोबर पोचतं. रोज बघतो.

जुनं_खोड
रोज बघता ते रिअ‍ॅक्टचं ऑनफोकस. ते बबल होतं कारण रिअ‍ॅक्ट तसं करून देतं. २०२० मधल्या १७व्या आवृत्तीपासून आतून फोकसइन (फोकसचा बबल होणारा भाऊ) वापरतात. ब्राउझरचा मूळ फोकस बबल होत नाही, ब्लर नाही, माउसएंटरही नाही. धागाकर्ते, तुम्ही दिवसभर रिअ‍ॅक्टच लिहिता ना?

अडकलेला_इंदूरकर
हो. त्याचा इथे काय संबंध?

जुनं_खोड
तोच तर संबंध. सवयीने जे दिसतं तेच ब्राउझरचं म्हणून सांगून बसलात. पेन्सिलवाल्याचं बरोबर आहे, खोडसाळपणा नाही.

हुकवाला
म्हणजे रिअ‍ॅक्टच बरं की, फरक लक्षात ठेवायला नको.

जुनं_खोड
एखाद्या पानावर जुनं जेक्वेरी (आधीच्या काळची लायब्ररी) आणि रिअ‍ॅक्ट एकत्र नांदवून बघा, मग बोलू. १७च्या आधी रिअ‍ॅक्टचे लिसनर डॉक्युमेंटवर, म्हणजे पानाच्या सगळ्यात वर असायचे. इकडे स्टॉपप्रोपगेशन ('पुढे जाऊ नको') लिहायचं आणि जेक्वेरीचा हँडलर तोवर चालूनही गेलेला असायचा. दोन रात्री गेल्यात माझ्या त्यात.

रामबागची_काकू
विषयांतर होतंय, पण 'टॉक'ला व्याख्यान म्हणायला काय हरकत होती? आमच्या वेळी रामबागेत व्याख्यानं व्हायची, श्रोते तोंडावर सांगायचे चुकलं म्हणून. फॉर्म कसले.

पोहे_कमी_शेव_जास्त
काकू, +१. पण फोनचं राहिलं. डेमो 'चालला नाही' म्हणजे नेमकं काय झालं?

अडकलेला_इंदूरकर
कार्ड बोटाने बाजूला सरकवायचं होतं. कार्ड हलायचं, पण सोबत अख्खं पानही सरकायचं. लॅपटॉपवर माउसने व्यवस्थित. टचमूव्ह (बोट सरकल्याचा इव्हेंट) डॉक्युमेंटवर आहे, आत प्रिव्हेंटडिफॉल्ट (ब्राउझरचं नेहमीचं काम थांबवणारं) लिहिलंय. फोनवर आधी बघायला वेळ मिळाला नाही.

बडोदेकर_बाळ
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! क्रोमने २०१७ मध्ये, ५६व्या आवृत्तीत, विंडो, डॉक्युमेंट आणि बॉडीवरचे टचस्टार्ट-टचमूव्ह आपोआप पॅसिव्ह केले. स्क्रोल अडकू नये म्हणून. म्हणजे ब्राउझर तुमच्या हँडलरसाठी थांबत नाही आणि प्रिव्हेंटडिफॉल्ट ऐकतही नाही. फोन केबलने लावून लॅपटॉपवर कन्सोल बघा, तक्रार दिसेल. लिसनरला तिसरं आर्ग्युमेंट द्या, पॅसिव्ह: फॉल्स. किंवा कार्डाला सीएसएसमध्ये टच-अ‍ॅक्शन: नन. मी दुसरंच करतो.

हुकवाला
मी तर तयार लायब्ररी घेतो.

जुनं_खोड
घ्या. आता कॅप्चरचं. नेटस्केप वरून खाली यायचा, मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर खालून वर जायचा. २००० च्या डॉम लेव्हल २ या मानकात दोन्ही ठेवले: आधी वरून खाली, मग लक्ष्य, मग खालून वर. हा इतिहास एका वाक्यात सांगा, स्लाइड नको. पण एक बघा. फोकस वर जात नसला तरी खाली येताना आई-बापांच्या अंगणातूनच येतो. म्हणून फॉर्मच्या बाहेरच्या डिव्हवर अ‍ॅडइव्हेंटलिसनर लावून तिसऱ्या जागी ट्रू (म्हणजे कॅप्चर) दिलं की आतल्या वीस इनपुटांचे फोकस एका ठिकाणी पकडता येतात. फायरफॉक्समध्ये फोकसइन २०१७ मध्ये आलं, तोवर आम्ही यावरच दिवस काढले. सहा जणांनी विचारलं कॅप्चर कशाला, सातव्याने सांगितलं फोकस बबल होत नाही. तुमच्या हातात प्रश्न आणि उत्तर दोन्ही होते, एकाच गठ्ठ्यात.

अडकलेला_इंदूरकर
...बरं. आत्ता करून बघितलं. ट्रू काढलं की गप्प, ट्रू टाकलं की चालतं. हाच डेमो ठेवतो, नेटस्केपच्या चार स्लाइड उडवतो. सुरुवातीलाच सांगतो की मागच्या वेळी मी चुकीचं बोललो होतो.

हुकवाला
ते सांगायची काय गरज? श्रोते वेगळे आहेत.

रामबागची_काकू
सांगू दे त्याला.

अडकलेला_इंदूरकर
कार्डही जमलं, टच-अ‍ॅक्शनने. पण माझ्याकडे फक्त अँड्रॉइड आहे. शुक्रवारी संध्याकाळी राजवाड्याकडे कुणी आयफोनवाला भेटेल का? पाच मिनिटांचं काम.

पोहे_कमी_शेव_जास्त
आहे माझ्याकडे. पाच मिनिटं नाही, सराफ्यात खाण्याची दुकानं लागेपर्यंत थांबायचं. गराडू तुमच्याकडून. आणि अक्षरं मोठी करा, मुंगीचं कुणी मनावरच घेतलं नाही.