मदत हवी आहे: आदाम नावाऊका – २०१६ आणि २०१८च्या मधे नेमकं बिनसलं कुठे?

मंडळी,

आमच्या फुटबॉलवेड्या कंपूत दर महिन्याला एकजण एका प्रशिक्षकावर बोलतो. यंदा माझी पाळी. ग्वार्डिओला, क्लॉप यांचा चोथा झालाय, म्हणून पोलंडचा नावाऊका घेतला.

खेळाडू म्हणून थोडक्यात: जन्म १९५७, क्राकुवचा. तिथल्याच विस्वा क्लबचा मिडफिल्डर, १९७८मध्ये लीगचं विजेतेपद आणि त्याच वर्षी विशीत असताना अर्जेंटिनातला वर्ल्ड कप. पुढे दुखापतींनी घात केला, ३४ आंतरराष्ट्रीय सामन्यांवर गाडी थांबली. त्या वर्ल्ड कप संघात बोनिएकही होता, आणि २०१३मध्ये पोलिश फुटबॉल महासंघाचा अध्यक्ष म्हणून त्याच बोनिएकने नावाऊकाला गुर्निक झाब्झे क्लबहून उचलून राष्ट्रीय संघावर आणलं.

पुढचं बऱ्याच जणांना आठवत असेल. ऑक्टोबर २०१४, वॉर्सा, जगज्जेत्या जर्मनीवर २-०. पोलंडने जर्मनीला हरवायची ती पहिलीच वेळ. युरो २०१६मध्ये पाच सामन्यांत खाल्ले फक्त दोन गोल, आणि उपांत्यपूर्व फेरीत पोर्तुगालने बाहेर काढलं तेही पेनल्टीवर. (नावाऊका संघाची बस रिव्हर्स घेऊ द्यायचा नाही म्हणे, अपशकुन होतो म्हणून!)

माझं घोडं अडलंय ते २०१८वर. पात्रता फेरीत एकट्या स्ट्रायकर लेवांदोव्स्कीचे १६ गोल, मुख्य खेळाडू बरेचसे तेच, आणि रशियात दोन सामन्यांतच खेळ खलास. सेनेगलविरुद्धचा दुसरा गोल परत परत पाहिला. पोलंडचा क्रिखोव्याक मैदानाच्या मध्यापासून उंच बॅकपास देतो, तेवढ्यात उपचार घेऊन आत परतलेला सेनेगलचा न्यांग धावत येतो, गोलकीपर श्चेन्स्नी पुढे येऊन फसतो, आणि जाळं रिकामं. ही वैयक्तिक चूक म्हणून सोडता येईल. पण कोलंबियाविरुद्ध तीन बचावपटू घेऊन उतरणं आणि ०-३? मला तरी ते प्रशिक्षकाच्या खात्यावर टाकावंसं वाटतं. बचावपटू ग्लिकचा खांदा स्पर्धेच्या तोंडावर दुखावला होता हे मान्य, पण तीनचा प्रयोग त्याआधीपासून चालू होता.

ज्यांनी हे सामने नीट पाहिलेत त्यांनी सांगा: ४-४-२ (चार बचावपटू, चार मिडफिल्डर, दोन स्ट्रायकर) मोडायची खरंच गरज होती का? दुसरा स्ट्रायकर मिलिकच्या गुडघ्याच्या दुखापतींमुळे त्याची आणि लेवांदोव्स्कीची जोडीच उरली नव्हती, असं असू शकेल का?

आणि १९७८चे पोलंडचे पूर्ण सामने कुठे बघायला मिळतील? हायलाइट्समध्ये मिडफिल्डर दिसतच नाही.