तुरीची आयात मोकळी करून भलं कुणाचं झालं?

बांधावरचा (औसा): मे 2021 मध्ये केंद्राने तूर, मूग, उडदाची आयात मोकळी केली. 2017 पासूनचा तुरीचा कोटा, म्हणजे आयातीची मर्यादा, गेला. आधी ऑक्टोबरपर्यंत म्हणाले, मग तुरीला मुदतवाढीवर मुदतवाढ, ती पार मार्च 2026 पर्यंत. जूनमध्ये पेरलेल्या तुरीची रास होते जानेवारीत. तोवर सरकार काय ठरवेल, हे पेरताना कसं कळावं? 2025 च्या सुरुवातीला हमीभाव क्विंटलला 7,550 आणि लातूरच्या सौद्यात बोली त्याच्याही खाली. आफ्रिकेचा माल बंदरात उतरत होता आणि आम्ही हमीभाव खरेदीच्या नोंदणीच्या रांगेत.

आडत्या: दादा, 2023-24 ला आयात मोकळीच होती की! तरी तूर दहा हजारांवर गेली, कारण पाऊस रुसला. भाव पेऱ्यावर ठरतो. 2015 ला डाळ किलोला दोनशेवर गेली, पुढच्या खरिपात जो तो तूर पेरून बसला आणि 2017 ला 5,050 चा हमीभावही मिळेना.

बांधावरचा: त्या वर्षीही बाहेरची तूर येतच होती. कोटा लावला ऑगस्टमध्ये, आमची विकून झाल्यावर! आणि 2006 ते 2017 बहुतेक डाळींच्या निर्यातीला बंदी. बाजार खुला ठेवायचाय ना, मग दोन्ही दारं उघडा.

डाळभात (पुणे): शहरातल्यांनी दीडशे-पावणेदोनशेनं डाळ घेतली तेव्हा या मंचावर कुणी धागा काढला नाही.

खुरपं: शहरच कशाला? माझे आईवडील मजुरीला जातात, घरची तूर नाही. रेशनवर गहू-तांदूळ येतो, डाळ दुकानातूनच. ती महागली की आमच्याकडे वरण पातळ होतं, म्हणून आयातीला सरसकट शिव्या माझ्याच्यानं घालवत नाहीत. पण दुसरी बाजूही बघा. सोयाबीनचं बरंच काम आता हार्वेस्टरनं उरकतं. तूर आमच्याकडे अजून विळ्यानंच कापतात, उक्तं घेऊन. खुंटांनी पिंढऱ्या सोलून निघतात, पण हाताला काम असतं, आणि चुलीला तुराट्या मिळतात. भाव पडला म्हणून मालकानं तूर मोडली की पौषात गावात कामच नाही. त्याला तोट्याची भरपाई मागता येते. आईचा बुडालेला रोज कुठल्या पंचनाम्यात लिहितात?

आडत्या: हमालांचंही तेच. आवक घटली की वाराई, म्हणजे पोती चढवण्या-उतरवण्याची मजुरी, बुडते.

बांधावरचा: खुरपं, तुमचं पटतंय, पण यंदा आंतरपिकाच्या ओळींतली तूर मी कमीच केलीय. परवडेना.