परसात चूल आणि बसायला ओटा: मांडणी कशी करावी?

रानजाई: रत्नागिरीजवळ घर आहे. मागे १२ बाय १५ फूट परस, पश्चिमेला दोन माड. चुलीवरचा स्वयंपाक आणि संध्याकाळी सहा-सात जणांना बसता येईल अशी जागा हवी आहे. चूल सिमेंटची चालेल का?

चिरेबंदी: सिमेंट नको. सततच्या आचेने त्यातलं पाणी निघून जातं, तडे पडतात, कपचे उडतात. बाहेरचा कट्टा चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) करा, पण आच लागते तिथे भाजलेल्या विटा मातीत बसवा. लिंपायला तीन भाग चिकणमाती, एक भाग बारीक वाळू, मूठभर तूस आणि थोडं शेण. दोन दिवस भिजवून मळा. आठ-दहा दिवस सावलीत सुकू द्या, उन्हात घाई केली की भेगा पडतात. पहिला जाळ काटक्यांचा, अगदी मंद. शेजारी वैल (चुलीच्याच आचेवर तापणारं बाजूचं छोटं तोंड) जरूर ठेवा, भात तिथेच मुरतो.

खारा वारा: संध्याकाळी वारा समुद्राकडून येतो, म्हणून ओटा पश्चिमेला आणि चूल पूर्वेला, मध्ये किमान सहा फूट. नाहीतर धूर थेट डोळ्यांत. ओटा माडाच्या बुंध्याशी मात्र नको, नारळ आणि झावळ्या पडतात. उंची १६ ते १८ इंच, पाणी निथळायला किंचित उतार.

रानजाई: आभार! पावसाळ्यात चुलीचं काय?

चिरेबंदी: वर आठ फुटांवर पत्रा, चारी बाजूंनी दोन फूट पुढे काढलेला. आणि गणपतीआधी एकदा लिंपण.