‘ज्योतिष’ हा शब्द खगोलशास्त्राला परत मिळावा का?

ध्रुवमत्स्य :
शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी मराठीत लिहिलेल्या आणि १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या इतिहासाच्या नावात ‘ज्योतिष’ हाच शब्द आहे आणि ग्रहगती, पंचांग, ग्रहणे यांचे गणित हा त्याचा मुख्य विषय आहे. आज मात्र हा शब्द कानी पडला की आधी पत्रिका आठवते. इतर भाषांनी इतक्या सहज माघार घेतलेली नाही. बंगालीत खगोलशास्त्राला ‘ज्योतिर्विज्ञान’ म्हणतात. मल्याळममध्ये शास्त्र ते ‘ज्योतिशास्त्रम्’ आणि भविष्य ते ‘ज्योतिषम्’ अशी वाटणी आहे. चिनी उदाहरण तर याहून बोलके आहे, कारण तेथील राजवंशांच्या इतिहासग्रंथांत ‘थ्येनवन’ या मथळ्याखाली आकाशातील शुभाशुभ चिन्हांच्या नोंदी असत, आणि तरीही आधुनिक खगोलशास्त्राचे चिनी नाव त्याच शब्दावरून घडले आहे. आपल्याकडे भविष्यकथनासाठी ‘फलज्योतिष’ हा नेमका शब्द असताना ‘ज्योतिष’वरचा हक्क आपण का सोडावा?

अंशकला :
‘परत मिळावा’ हेच मला मान्य नाही, कारण तो शब्द कधी एकट्या गणिताचा नव्हताच. वराहमिहिराने ज्योतिःशास्त्राचे तंत्र, होरा आणि संहिता असे तीन स्कंध सांगितले आहेत. त्यांपैकी तंत्र तेवढे ग्रहगणिताचे. होरा जातकाची, म्हणजे जन्मपत्रिकेची, आणि संहितेत मुख्यतः शकुन-उत्पातांचा विचार. दुसरी अडचण व्यवहारातली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ साली विद्यापीठांत फलज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचे ठरवले, तेव्हा त्यांना ‘ज्योतिर्विज्ञान’ हे नाव दिले. वैज्ञानिकांनी विरोध केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००४ साली आव्हान फेटाळले गेले. म्हणजे ज्या बंगाली शब्दाचा आपण आधार घेता, तोच शब्द सरकारदरबारी पत्रिकेच्या बाजूने उभा राहिला. असा शब्द शाळेच्या पुस्तकात घेतला, तर त्याचा अर्थ सांगण्यातच शिक्षकांचा तास संपेल.

वाचनमात्र :
वाद ‘ज्योतिष’वर चालला आहे, पण ‘खगोल’ तरी कुठे निर्दोष आहे? सिद्धांतग्रंथांत, म्हणजे ग्रहगणिताच्या जुन्या संस्कृत ग्रंथांत, ग्रहगोल समजावण्यासाठी जो गोलबंध, म्हणजे कड्यांचा सांगाडा, वर्णिलेला आहे, त्यात खगोल हा निरीक्षकाच्या क्षितिजाचा आणि याम्योत्तर (दक्षिणोत्तर) वृत्ताचा स्थिर गोल होय. नक्षत्रे असतात ती आतल्या, फिरणाऱ्या भगोलावर. काटेकोरपणाच हवा असेल, तर ‘भगोलशास्त्र’ म्हणावे लागेल, आणि ते कोणी म्हणणार नाही. अरबीत ‘इल्म अल-नुजूम’ या नावाखाली दोन्ही विषय नांदत असत. आता खगोलशास्त्र म्हणजे ‘इल्म अल-फलक’, आणि तरीही राशिभविष्य सांगणारे तेथे स्वतःला ‘फलकी’ म्हणवतातच. शब्दाला कितीही कुंपण घाला, प्रतिष्ठेच्या शोधात भविष्यवाले मागून येणारच. मला तमिळांचा ‘वानियल्’ आवडतो : वान् म्हणजे आकाश, इयल् म्हणजे शास्त्र.

ध्रुवमत्स्य :
मग खगोलाचे कुंपणही कायमचे नाही, हे तर माझ्याच बाजूचे झाले. पुण्यातील हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून याच नावाने काम करत आहे आणि त्या नावापायी तिचे खगोलशास्त्र तसूभरही उणे झालेले नाही.

अंशकला :
जुन्या संस्थेच्या नावाला तिच्या कामाचा आधार असतो. क्रमिक पुस्तकातल्या शब्दाला तो नसतो. शिवाय १९८८ साली त्याच पुण्यात स्थापन झालेल्या ‘आयुका’ या खगोलसंशोधन केंद्राच्या मराठी नावात ‘खगोलशास्त्र’ आणि ‘खगोलभौतिकी’ जोडीने येतात. ‘ज्योतिषभौतिकी’ असा फलक लावून पाहा. दुसऱ्याच दिवशी कोणीतरी अंगठीत कोणता खडा घालावा हे विचारायला येईल.

ध्रुवमत्स्य :
खगोलभौतिकीला बंगालीत ‘ज्योतिःपदार्थविज्ञान’ म्हणतात, आणि ढाका-कोलकात्यात ते कोणाला हास्यास्पद वाटत असल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. समासात ‘ज्योतिष’ऐवजी ‘ज्योतिः’ घेतले की आपली निम्मी हरकत संपते. उरलेली निम्मी आयोगाच्या त्या निर्णयाची आहे, आणि तिच्यावर माझ्याकडे तूर्त उत्तर नाही.