प्रतिसाद: टोकियोची निगा, पॅरिसचा वाढदिवस

'जपानी माणूस मुळातच शिस्तीचा, म्हणून टोकियो डिस्नेलँड चकाचक' हे डिस्ने पार्कांच्या निगेवरच्या चर्चेतलं मत मला अर्धंच पटलं. आम्ही रत्नागिरीकर. खारा वारा काय करतो ते खिडकीच्या गजांना विचारा. रेडऑक्साइड मारून दोन पावसाळे गेले की पोपडे सुटतात. टोकियोचं पार्कही खाडीला भराव घालून केलेल्या जमिनीवर, १९८३ पासून उभं आहे. तिथे कुठली राइड दुरुस्तीसाठी कधी बंद, ते आधीच जाहीर होतं. मालकीही ओरिएंटल लँड या जपानी कंपनीची, डिस्नेला रॉयल्टी जाते. खर्चाचा निर्णय त्यांच्याच हातात, शिस्तीपेक्षा मला हे मोठं वाटतं.

पॅरिसचं डिस्नेलँड (१९९२) कर्जात रखडलेलं, २०१७ मध्ये डिस्नेने पूर्ण ताब्यात घेतलं. तिसाव्या वाढदिवसाआधी पार्कमधल्या किल्ल्याची मोठी डागडुजी झाली, तेव्हा आमच्याकडची गणपतीआधीची रंगरंगोटीच आठवली. दर्शनी पडवी झकास, मागची न्हाणी तशीच! (आमच्या घराबद्दल बोलतोय, पॅरिसची न्हाणी पाहिलेली नाही.)

शांघायच्या डिस्नेलँडला कोणी जाऊन आलंय का? २०१६ चं आहे, पण रंग कसा टिकलाय?