हवाईच्या ताटातलं काय खाल्लंत, काय करून पाहिलंत?

होनोलुलूत येऊन मला नऊ वर्षं झाली. इथं ज्याला 'लोकल फूड' म्हणतात ते कुठल्या शेफनं जुळवलेलं नाही, ते उसाच्या मळ्यांत घडलं. १८५२ पासून चिनी, मग जपानी, पोर्तुगीज, कोरियन, फिलिपिनो मजूर येत गेले. दुपारी डबे उघडले की एकमेकांचं चाखायचे. आजचं प्लेट लंच त्यातलंच: भाताचे दोन गोळे, मेयोनीजमधली मॅकरोनी आणि मांसाचा एखादा प्रकार. मला त्या मजुरांचं फार अप्रूप वाटतं. तुमचे अनुभव सविस्तर लिहा.

*

ताई, मी लाऊलाऊवर लिहिते. डुकराचं मांस आणि मासा अळूच्या पानांत गुंडाळायचा, वरून टी नावाच्या झुडपाच्या पानांची पुडी बांधायची आणि वाफवायचं. पुडी सोडली की आतलं अळू काळपट हिरवं, लोण्यासारखं मऊ. वास थेट आजीच्या फदफद्याचा! घरी करताना मात्र अळुवडीच्या हिशेबानं वीस मिनिटांत उतरवलं. आपण चिंच लावतो, यात आंबट काहीच नसतं. घसा असा खवखवला की रात्रभर ताक पीत बसले. पुढच्या खेपेला चार तास वाफवलं, खाज नावालाही नाही.

*

मी शाकाहारी, हिलोला दोन वर्षं होतो. तिथला लोको मोको म्हणजे भात, बीफची पॅटी, अंडं, वर ग्रेव्ही. माझ्या उपयोगाचा नाही. शेजारच्या जपानी आजींनी मुसुबी, म्हणजे दाबलेल्या भाताची वडी शिकवली, स्पॅमऐवजी (डबाबंद डुकराचं मांस) टोफूची. टोफूचे जाड काप सोया सॉस आणि साखरेत चिकट होईपर्यंत परतायचे. साचा आधी ओला करायचा, भात दाबून भरायचा, वर काप, भोवती नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्रशेवाळाचा पट्टा. आता ठाण्यात आंबेमोहोर वापरतो, बासमती सुटा होतो.

*

मालासादाला, म्हणजे साखरेत घोळवलेल्या तळलेल्या गोड गोळ्याला विसरू नका! १८७८ पासून आलेल्या पोर्तुगीजांचा. गरमच खा, गार झाला की चिवट.

*

आम्ही मालवणचे. सासूबाई माउईला आल्या तेव्हा पोई आणली. शिजवलेला अळूचा कंद पाण्याचा हात लावत कुटलेला, जांभळट. पहिल्या दिवशी त्यांनी एक बोट चाटून वाटी सरकवली. तिसऱ्या दिवशी ती आंबली. त्यांनी सोबत आणलेला सुका बांगडा भाजला, पोईबरोबर खाल्ला आणि वाटी परत पुढे केली.