विषय: रिस्टार्ट ग्रँट, रेट्स मालकाच्या नावावर, मग आमचं काय?

प्रेषक: पार्लरताई
बुधवार, ९ जून २०२१

नमस्कार मंडळी,
रिस्टार्ट ग्रँटसाठी, म्हणजे लॉकडाउननंतर धंदा पुन्हा उघडायला मिळणाऱ्या सरकारी मदतीसाठी, अर्ज केला होता, त्याला कौन्सिलचं (इथल्या पालिकेचं) उत्तर आलं. नाही म्हणाले. कारण तेच, बिझनेस रेट्सचं (धंद्याच्या जागेवरच्या कराचं) खातं तुमच्या नावावर नाही. असणार कुठून? माझं पार्लर म्हणजे केमिस्टच्या दुकानामागची खोली, रेट्स, लाइट, पाणी सगळं भाड्यातच. मालकांचं दुकान औषधांचं, ते लॉकडाउनमध्ये चालूच होतं, म्हणून त्यांना बंदचे पैसे नाहीत. मी बंद होते, पण माझं खातं नाही. जानेवारीच्या लॉकडाउनच्या ग्रँटच्या वेळीही हेच ऐकवलं होतं.
मुदत ३० जून. कुणी यातून गेलंय का? फोन केलात तरी चालेल, फक्त दुपारी नको, १२ एप्रिलपासून गिऱ्हाईक थांबत नाहीये (देवाची कृपा).

---

प्रेषक: लेस्टरकर

ताई, सरळ व्हॅल्युएशन ऑफिसला, म्हणजे रेट्ससाठी जागेचं मूल्य ठरवणाऱ्या सरकारी खात्याला, लिहा. खोलीला वेगळं दार आणि तुमचंच कुलूप असेल तर तिची स्वतंत्र आकारणी होऊ शकते. रेटेबल व्हॅल्यू (त्यांनी ठरवलेलं मूल्य) १२,००० पौंडांच्या आत आली की रेट्स शून्य, आणि पर्सनल केअर म्हणून रिस्टार्टचे ८,००० पौंड तुमच्या नावावर.
आणि बंद म्हणजे काय ते आम्हाला विचारा. गेल्या वर्षी ४ जुलैला उरलेलं इंग्लंड केस कापायला धावलं, तेव्हा आमच्या लेस्टरची दारं स्थानिक लॉकडाउनमुळे पुन्हा लागली होती. माझ्या मेव्हण्याने नवीन खुर्च्या आणून ठेवल्या होत्या, प्लॅस्टिकसुद्धा काढलं नव्हतं.

---

प्रेषक: खजिनदार

लेस्टरकर, सल्ला पुढच्या साथीसाठी उत्तम आहे. रिस्टार्टला १ एप्रिल २०२१ रोजीची रेट्सची यादी धरतात. त्यानंतर आकारणी बदलली, अगदी मागच्या तारखेपासून बदलली, तरी ग्रँटसाठी ती विचारात घेत नाहीत.
ताई, रिस्टार्टचा नाद सोडा. तुम्हाला अ‍ॅडिशनल रिस्ट्रिक्शन्स ग्रँट मागायची आहे, एआरजी. फॉर्म वेगळा, कौन्सिलच्या साइटवर खूप खाली असतो. नोव्हेंबरमध्ये सरकारने माणशी २० पौंड या हिशेबाने कौन्सिलांना पैसे दिले आणि कुणाला किती द्यायचे ते त्यांच्यावर सोडलं. रेट्सच्या यादीत जे बसत नाहीत, म्हणजे बाजारात टेबल मांडणारे, दुसऱ्याच्या जागेत बसणारे, ते या पैशात बसू शकतात. पण प्रत्येक कौन्सिलचे नियम निराळे, त्यामुळे शेजारच्या कौन्सिलच्या हद्दीतल्या मैत्रिणीला मिळाले म्हणून तुम्हाला मिळतील असं नाही. तिला नाही मिळाले म्हणून तुम्हालाही मिळणार नाहीत असंही नाही.
घाई करा. आधीचे पैसे वाटून संपवल्याशिवाय कौन्सिलांना नव्या ४२.५ कोटी पौंडांतला वाटा मिळत नाही, त्यामुळे सध्या त्यांनाही द्यायची घाई आहे. हे दर वेळी होत नाही.

---

प्रेषक: ग्लासगोकर

आमच्याकडे हा गोंधळच नाही. स्कॉटलंडच्या स्मॉल बिझनेस बोनस या सवलतीत १५,००० रेटेबल व्हॅल्यूपर्यंत रेट्स पूर्ण माफ. तुमच्यासारखं पूर्ण माफी १२,०००ला थांबून पुढे कमी कमी होत जाणं नाही.

---

प्रेषक: लेस्टरकर

ग्लासगोकर, पण माफीसाठी तरी खातं लागतंच ना? ताईंचा प्रश्न खात्याचा आहे.

---

प्रेषक: नाना

मी निवृत्त माणूस, मला यातलं कळत नाही, तरी लिहितो. तिकडे महाराष्ट्रात एप्रिलमध्ये संचारबंदी लागली तेव्हा फेरीवाल्यांना दीड हजार रुपये जाहीर झाले. कुणाला? तर नोंदणीकृत फेरीवाल्यांना. पीएम स्वनिधीचं दहा हजारांचं कर्जही पालिकेच्या सर्वेक्षणात नाव असेल तर सोपं, नसेल तर शिफारसपत्रासाठी खेटे घाला. म्हणजे कागदावर असलेल्यालाच मदत, आणि कागद नसतो तो मुळात छोटाच माणूस. सरकार मराठी असो की इंग्रज, रजिस्टर उघडल्याशिवाय त्याला समोरचा दिसत नाही.
ता. क. गेल्या रविवारच्या झूमचं रेकॉर्डिंग कुणाकडे आहे?

---

प्रेषक: व्यवसाय समिती

सर्वांना नम्र विनंती की धंद्यासंबंधी चर्चा व्यवसाय समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर करावी, त्यासाठीच तो काढला आहे. एआरजीची माहिती आम्ही डिसेंबरमध्येच टाकली होती. तिथे एका सभासदाच्या ओळखीचे सल्लागार आहेत, मिळालेल्या रकमेच्या दहा टक्क्यांत सगळं करून देतात.

---

प्रेषक: खजिनदार

दहा टक्के? कौन्सिलचा फॉर्म फुकट आहे आणि तास-दीड तासात भरून होतो. ताई, कुणाला एक पेनी देऊ नका. "ग्रँट मंजूर, लिंकवर बँकेचे तपशील भरा" असे मेसेजही फिरताहेत, ते उघडूसुद्धा नका.

---

प्रेषक: व्यवसाय समिती

आम्ही फक्त माहिती दिली. सक्ती नाही. समितीच्या कामाबद्दल मंडळाच्या ईमेल यादीवर असा सूर लावणं योग्य वाटत नाही.

---

प्रेषक: पार्लरताई

खजिनदार, फॉर्म सापडला. पण त्यात भाडेकरार नाहीतर मालकाचं पत्र मागितलंय. करार तोंडी आहे, आठ वर्षं असंच चाललंय. मालक पत्र द्यायला तयार नाहीत. त्यांना वाटतं, मागे पोटभाडेकरू आहे असं लिहून दिलं तर त्यांचे रेट्स वाढतील. माणूस वाईट नाही, लॉकडाउनमध्ये दोन महिन्यांचं भाडं त्यांनी मागितलं नाही, म्हणून मला जोरही करवत नाही. ते आपल्या मंडळालाही परके नाहीत. गणपतीच्या स्मरणिकेत मागच्या पानावर दर वर्षी कुणाची जाहिरात असते?

---

प्रेषक: सचिव

कृपया जाहिरातदारांचा उल्लेख यादीवर नको. या वर्षीचं मागचं पान अजून पक्कं व्हायचं आहे.

---

प्रेषक: माजी अध्यक्ष

ताईंना स्वतःचा धंदा करणाऱ्यांसाठीच्या सरकारी सेल्फ-एम्प्लॉयमेंट मदतीचे पैसे मिळाले असतीलच की. चौथ्या हप्त्याची मुदत १ जूनलाच संपली. एकाच माणसाने किती ठिकाणी हात पसरायचे? आमच्या वेळी मंदीत कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

---

प्रेषक: पार्लरताई

काका, मिळाले, नाकारत नाही. ते माझ्या नफ्याच्या ८० टक्क्यांच्या हिशेबाने, म्हणजे माझ्या मजुरीचे. खोलीचं भाडं, विमा, मुदत संपून फेकलेलं वॅक्स आणि रंग, हे कशातून? बंद ठेवायचा हुकूम मी काढला नव्हता.

---

प्रेषक: वहिनी

काकांना उत्तर देण्यात वेळ घालवू नकोस गं. फॉर्म भर.

---

प्रेषक: खजिनदार

ताई, मालकांना एवढंच सांगा की आकारणी कौन्सिल करत नाही, व्हॅल्युएशन ऑफिस करतं. पटलं तर ठीक. नाही पटलं तर पत्राशिवाय जमवू. पब्लिक लायबिलिटीच्या विम्यावर त्या खोलीचाच पत्ता आहे ना? तो जोडा. भाडं बँकेतून जात असेल तर स्टेटमेंटवर त्या ओळींवर पिवळी खूण करा, तपासणाऱ्याला शोधायला लावू नका. एचएमआरसीचा (कर खात्याचा) सेल्फ-असेसमेंटचा, म्हणजे करविवरणाचा, कागदही. आणि फॉर्ममध्ये "इतर माहिती"चा चौकोन असतो, तो लोक रिकामा ठेवतात. तिथे चार वाक्यांत लिहा: मी कायद्याने बंद होते, जागा दुसऱ्याच्या रेट्समध्ये आहे, म्हणून रिस्टार्ट नाकारलं. नकाराची ईमेलही जोडा, ती इथे तुमच्या बाजूचा पुरावा आहे.
अजून एक, सगळेच विसरतात: ग्रँटवर कर लागतो, ती उत्पन्नात दाखवायची. आली की सगळी खर्च करू नका.

---

प्रेषक: ग्लासगोकर

कर आमच्याकडेही लागतो.

---

प्रेषक: पार्लरताई
शुक्रवार, ११ जून २०२१

काल रात्री भरला. विम्याचा कागद आणि स्टेटमेंट जोडलं. रेफरन्स नंबर आला. मालकांनी पत्र दिलं नाही, पण आज सकाळी स्वतःच विचारलं की तो फॉर्म त्यांच्या भावाच्या टॅक्सीला चालतो का. खजिनदार, चालतो का?

---

प्रेषक: खजिनदार

काही कौन्सिलांनी टॅक्सीवाल्यांना एआरजीतून दिलेत, काहींनी नाही. लायसन्स कुठल्या कौन्सिलचं आहे ते विचारा, तिकडेच अर्ज करावा लागेल.

---

प्रेषक: सचिव

२१ जूनला निर्बंध उठणार की नाही ते सोमवारी कळेल असं म्हणतात. तोवर हॉलचं डिपॉझिट भरायचं का थांबायचं, एवढंच सगळ्यांनी कळवा. आणि कृपया नवीन विषय काढून कळवा, या धाग्यात नको.

---

प्रेषक: नाना

थांबा. आणि रेकॉर्डिंग?